मागे घेतलेलं आवतण

आमच्या माणदेशातल्या गावात कुणाच्या घरी लग्न ठरलं, की पहिला निरोप विष्णू गुरवाला जायचा. मांडवाचे वासे नंतर, वाजंत्री नंतर, आचारी तर त्याच्याही नंतर. माणसंच आली नाहीत तर बाकीचं सगळं कशाला? आणि माणसं बोलवायची ती विष्णूनंच.

धुवट सदरा, पांढरी टोपी, डाव्या हातात पितळी ताट आणि ताटात हळदीकुंकवात घोळलेल्या अक्षता. असा तो सकाळच्या उन्हात गल्लीच्या तोंडाशी दिसला, की बायका हातातलं काम टाकून दाराशी येत. रस्त्यावरून हाक मारणं त्याला माहीतच नव्हतं. उंबऱ्याशी जाऊन उभा राहायचा. घरातलं थोरलं माणूस बाहेर आलं, की उजव्या हातानं त्याच्या तळहातावर चार दाणे ठेवायचा आणि घरातल्या एकेकाचं नाव घेऊन बोलावणं सांगायचा. नव्या सुनेचं नाव, बारसं नुकतंच झालेल्या पोराचं नाव, अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचंसुद्धा. म्हातारी काही येणार नसायची. पण आपल्याला बोलावलं नाही, असं तिच्या मनात येता कामा नये.

त्याच्या बापाच्या काळात वेशीबाहेरच्या घरांना लांबून हाक मारूनच आवतण दिलं जाई. विष्णूनं ते मोडलं. हातात ताट आल्यावर पहिल्याच लग्नात तो सरळ वेशीबाहेर गेला आणि एकेका उंबऱ्याशी उभा राहून हातात अक्षता देऊन आला. गावातल्या चार जणांनी त्याला चावडीवर बोलावून विचारलं. विष्णू म्हणाला, "लांबून दिलं तर ते आवतण न्हाई, ती हाकाटी झाली. तुमास्नी हाकाटी करणारा पायजे आसंल, तर दुसरा बघा." दुसरा कुणी मिळाला नाही. तेव्हापासून गावात रीत पडली ती विष्णूची. मी त्याच गावचा. त्याच्या हातच्या अक्षता मी माझ्या बापाच्या मांडीवर बसून पाहिल्या आहेत, म्हणून हे छाती पुढे काढून सांगतो.

बायको गेली आणि विष्णूतात्या एकटा राहिला. मुलगा संजीव अमेरिकेत, टेक्सासमध्ये, ह्यूस्टनच्या शेजारच्या शुगर लँड गावात. तेलाच्या कंपनीत इंजिनिअर. त्यानं बापाला नेलं. जाताना तात्यानं पितळी ताट धोतरात गुंडाळून बॅगेत घातलं. संजीव म्हणाला, "बाबा, तिथं हे कशाला?" तात्या म्हणाला, "आसू दे. तुझ्या पोरीचं लगीन निघंल की."

पोर तेव्हा पाच वर्षांची होती. रुही तिचं नाव.

शुगर लँडबद्दल तात्या मला दर रविवारी फोनवर सांगायचा. उन्हाळा आपल्यासारखाच, पण घाम वाळत नाही. घरं मोठी, हिरवळ कापलेली, रस्ते धुतल्यासारखे. "पर उंबऱ्यावर मानूस न्हाई रं," तो म्हणायचा. "गाडी येती, गॅरेजचं दार आपुआप वर जातं, गाडी आत, दार खाली. मानूस घरात कवा गेला, कळतच न्हाई."

तरी रोज सकाळी तो गल्लीत चालायला निघे. त्याची गल्ली म्हणजे एका तळ्याच्या कडेनं वळत जाणारा रस्ता, पुढे बंद. आत आलं त्याच वाटेनं बाहेर जायचं. इंग्रजी त्याला गुड मॉर्निंग आणि थँक यू, एवढंच. पण घरं पाठ झाली. कुठे कोण राहतं, कुणाचं मूल आजारी आहे, कुणाची म्हातारी देशाला गेली, हे त्याला चालता चालता कळायचं. तळ्याच्या तोंडाशी व्हिएतनामची एक आजी, तिच्या अंगणात कोथिंबीर. मधल्या वळणावर कराचीचे डॉक्टर फारुकी, ज्यांच्याशी तात्या मोडक्या हिंदीत तासभर बोलायचा. बोलता बोलता क्रिकेटवरून भांडण, मग चहा. अगदी टोकाला नायजेरियाची चिओमा, हॉस्पिटलात नर्स, कायम घाईत, पण हात हलवल्याशिवाय गाडी पुढे न्यायची नाही.

आणि चिओमाच्या अलीकडचं घर ग्लेनचं. गोरा माणूस, पन्नाशीचा, दांडगा, एकटा. तात्याला तो बॉस म्हणायचा. आदल्या उन्हाळ्यात वादळ आलं आणि गल्लीची वीज गेली, दिवसच्या दिवस. घरात भट्टी पेटल्यासारखं झालं, तात्याला धाप लागायला लागली. तेव्हा या ग्लेननं न बोलावता स्वतःच्या जनरेटरवरून लांबलचक वायर ओढली, खिडकीतून आत घेतली आणि तात्याच्या खाटेशी पंखा लावून दिला. जाताना तात्याच्या खांद्यावर थाप मारून गेला. तात्यानं सुनेला सांगून त्याला बेसनाचे लाडू पाठवले. मला फोनवर म्हणाला, "हितं आपल्या गावचा म्हणावा आसा येकच मानूस हाय. गिलेन."

मार्चमधल्या एका सकाळी तात्या बाहेर पडला आणि दाराशीच थबकला.

प्रत्येक घरासमोर, गाडी आत घेतात त्या सिमेंटच्या उतारावर, एक लहानशी प्लॅस्टिकची पिशवी पडली होती. त्यानं वाकून आपल्या दारची उचलली. आत मूठभर तांदूळ. पांढरे, अख्खे, एक दाणा तुटलेला नाही. आणि तांदळात घडी घातलेला जाड, गुळगुळीत कागद. कागदावर रंगीत चित्र: गव्हाच्या पिकात उभं असलेलं एक कुटुंब. नवरा, बायको, दोन पोरं. सगळी गोरी, हसतमुख, बायकोच्या केसांत फुलं. खाली मोठ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर.

तांदूळ, आणि तांदळासोबत कागद, आणि तो घरोघरी.

तात्याला पुढे मी विचारलं, की अरे, तुला जरासुद्धा शंका आली नाही? तो म्हणाला, "शंका कशाची? जन्मभर म्या त्येच केलं. मला वाटलं, ह्या देशातबी हाय म्हनायची आपली रीत. येवढ्या वर्सांत पैल्यांदा कुनीतरी दाराशी आवतण आनून ठिवलं."

खटकली ती एकच गोष्ट. अक्षता जमिनीवर टाकल्या होत्या. चालत्या गाडीतून भिरकावल्यासारख्या कुठे गवतात, कुठे गटाराच्या काठाशी. एका पिशवीवरून तर गाडीचं चाक गेलं होतं. ज्याला हे काम दिलं त्याला कामाची अक्कल नाही, असं तात्याच्या मनात आलं. नवखा असेल. लग्नघरच्यांनी विश्वासानं सांगितलं असेल आणि यानं निम्म्या वाटेत उरकून टाकलं. अशानं लग्नघरची अब्रू जाते.

तात्या घरात आला. सदरा बदलला, टोपी घातली, पितळी ताट काढून पुसलं. घरची पिशवी देवापुढे ठेवून कागदाच्या कोपऱ्याला कुंकू लावलं. संजीव कामावर गेला होता, सून चारुता अंघोळीला, रुही अजून झोपलेली. विष्णू गुरव ताट घेऊन बाहेर पडला. एकेक पिशवी उचलून, सदऱ्याच्या टोकानं पुसून ताटात ठेवली आणि पहिल्या दाराची घंटी वाजवली.

व्हिएतनामच्या आजीनं दोन्ही हातांनी पिशवी घेतली आणि वाकून नमस्कार केला. एका घरी झोपाळू पोरगा आला. एका घरी बाई फोनवर बोलत होती, तिनं हसून घेतली. तात्या प्रत्येक उंबऱ्याशी उभा राहिला. उजव्या हातानं पिशवी दिली, मग दोन्ही हात जोडले. "गुड मॉर्निंग," आणि पुढे मराठीत, "समद्यांनी यायचं." फारुकींच्या दारी डॉक्टर स्वतः आले. पिशवी घेतली, कागद उलगडला, आणि हसू होतं तिथेच थिजलं. "अंकल," ते म्हणाले, "आप? आपसे ये उम्मीद नहीं थी." तात्याला वाटलं, येवढ्या सकाळी आल्याबद्दल म्हणतायत. "शादी है," तो म्हणाला, "आना पडेगा." डॉक्टरांनी कागदाची पुन्हा घडी घातली आणि ते आत गेले.

ग्लेन गॅरेजशी उभा होता. त्यानं ताट पाहिलं, ताटातल्या पिशव्या पाहिल्या, मग तात्याकडे पाहिलं. आणि असा मोठ्यानं हसायला लागला, की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. पिशवी घेतली. खांद्यावर थाप मारली. "गुड जॉब, बॉस!" तात्याला भरून आलं. एका तरी माणसाला बोलावण्याचा खरा आनंद झाला.

शेवटचं दार चिओमाचं. ती ड्यूटीचा निळा वेश घालून निघतच होती. तिनं उभ्या उभ्या कागद वाचला. मग तात्याला टोपीपासून चपलेपर्यंत सावकाश बघितलं आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. हळूच लावलं. तात्याला वाटलं, घरात काही दुःख झालं असावं.

परतला तेव्हा चारुता देवघरासमोर उभी होती. केस ओले, हातात कुंकू लावलेला कागद.

"बाबा, हे कुठून आणलंत?"

"दाराशी व्हतं. आवतण हाय. कुनाचं गं? वाच की."

चारुता पुण्याची, बोलायला फटकळ. पण वाचून दाखवण्याऐवजी ती कागदाची घडी घालायला लागली. तेवढ्यात रुही डोळे चोळत आली आणि तिनं आईच्या हातून कागद ओढून घेतला. अकरा वर्षांची पोर, वाचायला पटाईत. पहिली ओळ मोठ्यानं वाचली, दुसरी हळू, तिसरी मनातच.

"आजोबा, दे से वी शुड गो बॅक."

"काय म्हनती?"

"ते म्हणतात परत जा," चारुता म्हणाली.

"कुठं?"

"आय डोन्ट नो," रुही म्हणाली. "आय वॉज बॉर्न हिअर."

चारुतानं सगळा मजकूर मराठीत सांगितला. हा देश गोऱ्यांच्या रक्ताचा आहे. तुम्ही घुसलेले आहात. स्वतःहून निघा, नाहीतर आम्ही काढू. तुमची घरं आम्हाला माहीत आहेत. खाली एका टोळीचं नाव. तांदूळ कशाला, तर पिशवी वाऱ्यानं उडू नये म्हणून. वजनाला.

"वजनाला?" तात्या म्हणाला. बाकीचं त्याच्या कानात शिरलंच नव्हतं बहुतेक. "तांदूळ, वजनाला?"

संध्याकाळपर्यंत संजीवला सगळं कळलं होतं. गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक दारावर कॅमेरा असतो. टोपी घातलेला एक भारतीय म्हातारा पितळी ताटातून नाझींची पत्रकं वाटतो आहे, हात जोडतो आहे, हसतो आहे. गल्लीच्या ग्रुपवर तो व्हिडिओ फिरला होता. कुणी लिहिलं, हा कोण? कुणी लिहिलं, याला पैसे दिले असतील. कुणी नुसतंच हसून घेतलं होतं.

"बाबा, तुम्ही हाताने वाटलंत?" संजीव म्हणाला.

"हातानंच देत्यात."

"किती घरी?"

"समद्या." आणि मग, चाळीस वर्षांची सवय, जीभ थांबेना, "येकबी उंबरा चुकवला न्हाई."

मग आपण काय बोललो ते आपल्याच कानांनी ऐकल्यासारखा तो खुर्चीत खाली खाली बसत गेला.

संजीवनं ग्रुपवर लिहिलं. वडिलांना इंग्रजी येत नाही, आमच्याकडे तांदूळ देऊन लग्नाला बोलवतात, त्यांचा गैरसमज झाला, आम्ही फार दिलगीर आहोत. काहींनी उत्तरादाखल बदामाची लाल चित्रं पाठवली. पोलिसांनाही कळवलं. एक अधिकारी आला, फोटो काढून गेला. "झालं, बाबा. सगळ्यांना कळलंय. आता सोडा."

"तू लिवलंस," तात्या म्हणाला. "दिलं म्या."

आमच्या गावात आवतण मागे घेण्याचीही एक रीत आहे, आणि ती देण्यापेक्षा अवघड. लग्न तोंडावर आलं आणि घरात कुणी गेलं, तर ज्यानं आवतण दिलं त्यानंच ते परत घ्यायचं. दुसऱ्याचा शब्द चालत नाही. पायात वहाण नाही, डोक्याला टोपी नाही. ज्या क्रमानं दिलं त्याच क्रमानं प्रत्येक उंबऱ्याशी जायचं, रिकामं ताट पुढे धरायचं आणि म्हणायचं, दिलेलं परत द्या. घरातली बाई त्या अक्षता देवघरातून आणून ताटात टाकते. तोवर ते बोलावणं घरात जिवंत असतं. तरुणपणी पाटलांच्या थोरल्या मुलीचं लग्न तोंडावर आलं असताना पाटीलच वारले, तेव्हा विष्णू असा अनवाणी फिरला होता. भर वैशाखात.

"इमॅजिन करा, बाबा," संजीव म्हणाला. "परत त्याच दारांत जाणार? लोक आधीच अपसेट आहेत. आणि ज्यांनी हे टाकलं ते कुठे आहेत माहीत आहे का तुम्हाला? इथे लोक गोळ्या घालतात. ग्रीन कार्डवर आहात तुम्ही. गप्प राहा ना, यार, प्लीज." आपण बापाला यार म्हणालो हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

"गप कसा ऱ्हाऊ? त्या पोरीनं, नर्सनं, माझ्या तोंडाकडं बघून दार लावलंय. तिच्या घरात 'निगून जा' आसं म्या ठिवून आलोय. माझ्या हातानं."

 मग चारुता म्हणाली, "शनिवारी मी जाते सोबत. मी रस्त्यावर थांबेन, दारात तुम्हीच जा. पण बाबा, एक वाक्य पाठ करायचं."

शनिवारपर्यंत तात्या ते वाक्य देवाच्या नावासारखं म्हणत होता. आय गेव्ह यू धिस. आय ॲम सॉरी. प्लीज गिव्ह बॅक.

शनिवारी सकाळी तो निघाला. अनवाणी, उघड्या डोक्यानं, हातात रिकामं ताट. मार्चचंच ऊन, पण सिमेंट तापायला लागलं होतं. व्हिएतनामच्या आजीनं फक्त कागद आणून दिला. तांदूळ तिनं तळ्यातल्या बदकांना घातले होते, आणि हे सांगताना ती बदकासारखे हात हलवून दाखवत होती. तात्याला त्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. झोपाळू पोराच्या आईनं पिशवी कचऱ्यातून शोधून काढली. एका घरी दार उघडलं नाही. तात्या उभा राहिला, पुन्हा घंटी वाजवली, पुन्हा उभा राहिला. शेवटी दार बोटभर उघडलं आणि फटीतून पिशवी बाहेर आली.

फारुकींनी दार उघडलं आणि वाक्य पुरं होण्याआधीच तात्याला मिठी मारली. "अंकल, मैंने पढ लिया था ग्रुप पे. बैठिये, चाय लीजिये."

"चाय नंतर," तात्या म्हणाला. "आधी पिशवी."

"अरे, वो तो मैंने फाड दी."

"तुकडे द्या."

डॉक्टरांनी घरात जाऊन तुकडे शोधून आणले. बायको मागून म्हणाली, "बरं झालं, तुकडे फेकून दिले नव्हते," अशा अर्थाचं काहीतरी, आणि ओढणीनं डोळे पुसले.

मग ग्लेन. गॅरेजचं दार वर होतं. आत ग्लेन एका घडीच्या टेबलाशी पाठमोरा उभा होता. तात्या उतारावरून वर गेला आणि गॅरेजच्या तोंडाशी थांबला, कारण उंबरा तिथेच होता. वाक्य म्हणण्यासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात त्याला आतलं दिसलं.

भिंतीशी तांदळाची पोती रचलेली होती. टेबलावर एक पोतं फोडलेलं, त्यात मापासाठी प्लॅस्टिकचा पेला. शेजारी पिशव्यांचा गठ्ठा. आणि त्या कागदांची चळत. गव्हाच्या पिकातलं तेच हसतं कुटुंब, एकावर एक, एकावर एक. पलीकडे तो जनरेटर आणि त्यावर नीट वेटोळं करून ठेवलेली ती लांबलचक वायर.

चारुता रस्त्यावरून सगळं बघत होती. पुढचं मला तिनं सांगितलं.

ग्लेन वळला. क्षणभर हसला, नेहमीचंच. "हे, बॉस." मग त्यानं ताट पाहिलं. त्यात गोळा केलेल्या पिशव्या, तुकडे, कागद. हसू गेलं. तात्यानं वाक्य म्हटलं. शेवटपर्यंत, नीट, शिकवल्यासारखं. आणि ताट पुढे केलं.

ग्लेन शांत आवाजात बोलला. म्हणाला, तू मला आवडायचास, बॉस. तू एकटाच असतास तर काही अडचण नव्हती. मग त्यानं बोटानं ताट दाखवलं, आणि बोटानंच गल्लीतली घरं. परत नेऊन ठेव. जिथून आणलंस तिथं.

ते तात्याला इंग्रजी न येताही कळलं. त्यानं मान हलवली. नाही. आणि तो दोन पावलं आत गेला. टेबलाच्या कडेला त्यानं स्वतः दिलेली पिशवी होती, चाकाखाली सापडलेली, काळा वण पडलेली, त्यानं ओळखली. ती घ्यायला उजवा हात पुढे केला.

भिंतीला टेकवलेल्या फावड्याचा दांडा पहिल्यांदा त्या हातावर बसला. ताट पडलं, आणि पितळेचा आवाज सगळ्या गल्लीत घुमला. दुसरा घाव खांद्यावर, तिसरा कानामागे. चारुता किंचाळत धावली. तात्याच्या मागोमाग चालत आलेले फारुकी तिच्या आधी धावत पोचले, साठीचा माणूस, घरातल्या स्लिपरा घालून, आणि तात्याच्या अंगावर पालथे पडले. एक दांडा त्यांच्या पाठीतही बसला. व्हिएतनामची आजी आपल्या दारात उभी राहून जीव तोडून ओरडत होती, तिच्या भाषेत, आणि गल्लीतली दारं, जी कधी उघडत नसत, ती एकेक करून उघडली.

मग ग्लेननं फावडं जागच्या जागी टेकवून ठेवलं. बागेचा पाइप घेतला, नळ सोडला आणि सिमेंटवर सांडलेले तांदूळ धुवायला लागला. रक्तही, तांदूळही, सगळं एकत्र गटाराकडे. पोलीस आले तेव्हा तो पाइप गुंडाळत होता. त्यांना म्हणाला, माझ्या गॅरेजमध्ये शिरला होता. पोलिसांनी ग्लेनला पकडून नेलं. खटला अजून चालू आहे, आणि त्याचा वकील अजून तेच सांगतो आहे.

तात्या वाचला. डोक्याला टाके, हाताची हाडं दोन ठिकाणी मोडलेली. हॉस्पिटलातून त्यानं मला फोन केला. मी तब्येत विचारण्याआधी तोच बोलला. "आरं, त्येनं मला वायर दिली व्हती." मी हं म्हटलं. "माझ्या खाटंपतुर आनली व्हती. पंखा सोता लावला. जोर बरूबर हाय का म्हून हात फुडं धरून बघितला." आणि मग, "त्योच हात रं."

हे त्यानं मला त्यानंतर कितीतरी रविवारी सांगितलं. मारलं कसं, लागलं किती, यातलं काही नाही. फक्त वायर. मला वाटतं, घाव भरले तरी ते कोडं त्याच्यात तसंच रुतून बसलं. आणि खरं सांगायचं तर माझ्यातही. परका माणूस मारतो हे कळतं. हा परका नव्हता.

हाताचं प्लॅस्टर निघालं तेव्हा उन्हाळा माजला होता. हात वाळक्या फांदीसारखा झाला होता. बोटं हलत, पण मिटत नसत. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. घरी आल्यावर तात्यानं पितळी ताट मागितलं. पडताना त्याच्या काठाला पोचा आला होता.

"येक दार ऱ्हायलंय," तो म्हणाला.

या वेळी संजीवनं अडवलं नाही. दाराशी बसून त्यानं बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले आणि बापाचं ताट आपल्या हातात घेतलं. दोघं अनवाणी निघाले. सिमेंट इतकं तापलं होतं, की संजीव गवतावरून चालायला लागला. तात्या सिमेंटवरूनच चालला. ग्लेनच्या घरासमोरून जाताना गॅरेजचं दार खाली होतं, आणि तिकडे दोघांपैकी कुणी पाहिलं नाही.

चिओमानं दार उघडलं. त्या दिवशी ती ड्यूटीवर होती; घडलेलं तिला नंतर कळलं होतं. वाक्य तात्याला अजून पाठ होतं. त्यानं ते म्हटलं. ती आत गेली आणि पिशवी घेऊन आली. फेकली नव्हती. संजीवला म्हणाली, घरात ठेववत नव्हती आणि टाकवतही नव्हती. टाकली असती तर मुलांना वाटलं असतं, काही झालंच नाही. फ्रिजवर ठेवली होती.

दमट हवेत तांदळाला टोके लागले होते. प्लॅस्टिकच्या आतून बारीक काळे किडे कागदावर चढत होते, त्या कुटुंबाच्या तोंडांवरून.

संजीवनं ताट पुढे केलं. तात्यानं ते बाजूला सारलं आणि उजवा हात पुढे धरला. चिओमानं पिशवी तळहातावर ठेवली. बोटं मिटली नाहीत, पिशवी घसरून खाली पडली. संजीव वाकायला लागला तसा तात्या म्हणाला, "ऱ्हाऊ दे." चिओमानंच उचलली. पुन्हा तळहातावर ठेवली, आणि नर्सच्या सवयीनं, कुठलं बोट किती वाकतं ते अजमावत, एकेक बोट त्या पिशवीवर मिटवलं. वरून आपला हात तसाच दाबून धरला.

मग तिनं विचारलं, आणि संजीवनं ते मराठीत सांगितलं. "बाबा, ती विचारतेय, तुम्हाला त्या दिवशी काय वाटलं होतं हे?"

"लगीन."

"कुणाचं, विचारतेय."

तात्यानं तिच्या हाताकडे बघितलं.

"त्ये मला वाचता आलं न्हाई," तो म्हणाला. "पर येकबी घर सोडलं नव्हतं. म्हून वाटलं, समद्यांना बोलावलंय."

संजीवला ते इंग्रजीत सांगायला जमेना.  चिओमा वाट बघत उभी होती. तिनं हात सोडला नव्हता.